कट कमी, फेरे जास्त: ऑनलाइन जुगाराचा धंदा कसा फुगला आणि आता कुठे निघालाय

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते बसतात, यात लपवण्यासारखं काही नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात आणि पुरुष मंडळी पारावर, खळ्यात, कुणाच्या तरी ओट्यावर गोल करून बसलेली असतात. वर्षभर एकेक रुपया धरून ठेवणारा माणूससुद्धा त्या दोन-चार दिवसांत हजार-पाचशे उडवतो. सण सरला की पत्ते बाजूला पडतात आणि बी-बियाण्याची बोलणी सुरू होतात. या जुगाराचं समर्थन करायचं नाही, त्यातही घरं बसलेली आहेत. पण त्याला काही कुंपणं होती. चार दिवसांत तो संपायचा. खिशातली नोट संपली की उठावं लागायचं. आणि हरणारा-जिंकणारा दोघेही गावातलेच, त्यामुळे पैसा गावातच फिरायचा.

मोबाइलवरच्या जुगाराने ही कुंपणं एकेक करून उपटली. हा धंदा एवढा का वाढला, २०२५ च्या कायद्यानंतर त्याचं काय झालं आणि तो आता कोणत्या वाटेने सरकतोय, हे समजून घ्यायचं तर हाव, संस्कार, नशीब हे शब्द थोडा वेळ बाजूला ठेवू. विषय हिशेबाचा आहे आणि हिशेब सातवी-आठवीच्या गणिताचाच आहे.

आकड्याचा हिशेब

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हे माहीत असायला हरकत नाही की मटका कापसाच्या भावातून निघाला. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये भाव काय उघडला, काय बंद झाला हे टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचं आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली. कापूस गेला, ओपन आणि क्लोज राहिले.

एकेरी आकड्यात ० ते ९ असे दहा पर्याय असतात. तुमचा आकडा आला तर पेढी साधारण नऊपट देते. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले असं धरा. पेढीकडे हजार आले, जिंकलेल्या एकाला नऊशे गेले, शंभर पेढीत राहिले. जोडीचंही, म्हणजे दोन अंकी आकड्याचंही तेच: शंभरात एक शक्यता आणि मोबदला नव्वदपट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी दहा रुपये पेढीचे. याला आपण कट म्हणू. केळीचा भाव चढो नाहीतर पडो, मधल्या दलालाची दलाली सुटत नाही, तसा हा कट आहे. आज कोण जिंकलं याच्याशी पेढीला देणंघेणं नसतं. किती पैसे लागले, एवढंच तिला बघायचं असतं.

आता मोबाइलवरचं रंगांचं ॲप घ्या. पोरं त्याला ‘कलर’ किंवा ‘कलर ट्रेडिंग’ म्हणतात. यात ट्रेडिंग नावालाही नाही. दर फेरीला ० ते ९ मधला एक आकडा निघतो. १, ३, ७, ९ हिरवे. २, ४, ६, ८ लाल. ० आणि ५ दुरंगी: शून्य लाल-जांभळा, पाच हिरवा-जांभळा. हिरव्यावर शंभर लावले की आधी दोन रुपये फी कापली जाते, खेळात ९८ उतरतात. हिरव्या चारपैकी एखादा आकडा आला तर दुप्पट, म्हणजे १९६ मिळतात. पाच आला तर दीडपटच, १४७. बाकी पाच आकड्यांवर शून्य. सगळं एकत्र करून सरासरी काढली तर शंभर लावणाऱ्याला ९३ रुपये १० पैसे परत येतात. कट झाला ६.९ टक्के.

म्हणजे मटक्याच्या दहा टक्क्यांपेक्षा हे ॲप स्वस्त. खेळणाऱ्याला तसं वाटतंही: “यात निम्मे वेळा तरी येतंच ना!” येतंच. फसगत पुढे आहे.

मटका खेळणारा ओपनला शंभर आणि क्लोजला शंभर लावतो असं समजू. दिवसाला दोनशे लागले, सरासरी तोटा वीस रुपये. रंगांच्या ॲपवर मात्र तीस सेकंदांची फेरी असते. तासाला १२० फेऱ्या. प्रत्येक फेरीला शंभर म्हणजे तासात बारा हजार रुपये लागले आणि त्यावर ६.९ टक्क्यांनी ८२८ रुपये गेले. दिवसाला नाही, तासाला. आणि त्यासाठी खिशात बारा हजार असावे लागत नाहीत. तेच हजार-पाचशे जिंकत-हरत पुन्हा पुन्हा लागतात आणि दर फेरीला थोडे थोडे झिजतात. खेळणाऱ्याला हा कट कधी दिसत नाही, त्याला फक्त “आज लक नव्हतं” असं वाटतं.

ऑनलाइन जुगाराच्या वाढीमागे हे एकच सूत्र आहे. कट कमी ठेवायचा आणि फेरे वाढवायचे. या धंद्यात जे जे नवीन आलंय ते कुठे ना कुठे फेरा लहान करण्यासाठीच आलंय, असं माझं मत आहे आणि पुढची उदाहरणं त्याच नजरेने वाचावीत.

विमानाचा खेळ बघा. जॉर्जिया या देशातल्या स्प्राइब नावाच्या कंपनीचा ‘एव्हिएटर’. विमान उडतं, पडद्यावरचा गुणक १ पासून वर चढत जातो, ते नाहीसं व्हायच्या आत बटण दाबलं तर लावलेल्या पैशाला त्या गुणकाने गुणून पैसे मिळतात, उशीर झाला तर सगळे जातात. यात खेळणाऱ्यांना सरासरी ९७ टक्के परत जातात असं सांगितलं जातं. म्हणजे कट अवघा ३ टक्के. या गणितात विमान दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता साधारण ४८.५ टक्के येते आणि दहापटीपर्यंत पोचण्याची ९.७ टक्के. गुणाकार करून बघा: दुपटीवर थांबा की दहापटीवर, सरासरी ९७ च येते. “दीडपटीवर काढायचं, हाव करायची नाही” ही जी अक्कल पोरं एकमेकांना शिकवतात, तिने तोटा एका पैशानेही कमी होत नाही. आणि विमान कधी उडून जाणार ते आधी सांगणारं ‘प्रेडिक्टर’ ॲप विकणारा निव्वळ फसवणूक करतोय, कारण खरंच तसं कळत असतं तर ते त्याने पाचशे रुपयांत विकलं नसतं. शिवाय हे ९७ टक्के मूळ खेळाचे झाले. टेलिग्रामवरून आलेल्या नकली फाइलमध्ये विमान कोण उडवतं आणि कोण पाडतं, ते पाहायला बाहेरच्या कुणाला सोय नाही.

‘फंड मेंटेन’ आणि बोनस

टेलिग्रामच्या गटांत एक ‘सर’ असतात. ते रोज ठरलेल्या वेळी “आता हिरवा” असं सांगतात आणि सोबत एक नियम देतात: हरलात तर पुढच्या वेळी दुप्पट लावा, फंड मेंटेन ठेवा. कधीतरी येणारच, आलं की मागचं सगळं वसूल.

पन्नासपासून सुरू करून सलग आठ वेळा हरलं तर ५०, १००, २०० असं करत एकूण १२,७५० रुपये जातात आणि नवव्या वेळी पुन्हा १२,८०० लावायचे असतात, तेही पन्नास रुपये जिंकण्यासाठी. सलग आठ वेळा हरणं फार दुर्मीळ वाटतं. निम्मी-निम्मी शक्यता धरली तरी २५६ मध्ये एकदा ते घडतं. तासाला १२० फेऱ्यांच्या खेळात ते ‘एकदा’ एका संध्याकाळीच दारात येतं. सरांचं काय जातं? त्यांच्या लिंकवरून आलेल्या माणसाने लावलेल्या पैशावर त्यांना कमिशन असतं. तुम्ही जितकं दुप्पट लावाल तितकं त्यांचं बरं.

बोनसचंही गणित करून बघावं. “हजार भरा, हजार फुकट!” खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की बोनसच्या वीसपट ‘टर्नओव्हर’ झाल्याशिवाय विड्रॉल नाही. वीसपट म्हणजे वीस हजार रुपये लावायचे. ६.९ टक्के कटाने त्यात सरासरी १,३८० रुपये जातात. फुकट मिळालेले हजार तर गेलेच, घरचे ३८० ही गेले.

आणि तरीही माणूस थांबत नाही, याला नुसता मूर्खपणा म्हणून भागत नाही. बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा अधूनमधून, कधी मिळेल ते न कळता मिळालं तर सवय जास्त घट्ट बसते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं त्याला कितीतरी दशकं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा स्वतंत्र विकार आहे. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा न वाटता ‘जवळ आलो’ असा वाटतो, आणि ॲप बनवणाऱ्याला हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

क्रिकेट: सामन्यापासून चेंडूपर्यंत

क्रिकेटचा सट्टा आपल्याकडे नवीन नाही. भुसावळ, जळगाव, धुळे, कुठल्याही शहरात आयपीएलच्या दिवसांत ‘बेटिंगवर छापा, इतके मोबाइल जप्त’ ही बातमी पेपरात असतेच. पूर्वी सट्टा लागायचा तो सामना कोण जिंकेल यावर. दोन्ही संघ तोडीस तोड असले तर बुकी दोघांना समान भाव देतो, समजा ९० पैसे. शंभर लावून जिंकलात तर नव्वद मिळणार, हरलात तर शंभर जाणार. एका बाजूला शंभर, दुसऱ्या बाजूला शंभर लागले की दहा रुपये बुकीचे, दोनशेतले पाच टक्के. पण सामना चार तासांनी संपणार, म्हणजे फेरा चार तासांचा.

मग ‘सेशन’ आलं. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील? बुकी ४७-४८ असा भाव देतो. ‘यस’ घेतलं तर ४८ किंवा जास्त व्हायला हव्यात, ‘नॉट’ घेतलं तर ४७ पेक्षा कमी. बरोबर ४७ झाल्या तर? यसवालाही हरला, नॉटवालाही हरला, दोघांचेही पैसे बुकीचे. त्या एका धावेच्या फटीत त्याचा कट बसलेला आहे. सहा षटकं म्हणजे जेमतेम अर्धा तास. आता ऑनलाइन आयडीवर पुढच्या षटकाला, पुढच्या चेंडूलाही भाव निघतो. आयपीएलच्या हंगामात ७४ सामने, प्रत्येक डावात १२० चेंडू. फेरा चेंडूवर आला. तिकडे परदेशात यालाच ‘मायक्रो बेटिंग’ म्हणून नवा ट्रेंड म्हणतात.

‘आयडी’ म्हणजे काय, हे मोठ्या माणसांनी समजून घ्यावं, कारण पोरांच्या बोलण्यात तो शब्द सारखा येतो. “आयडी शे का भो?” (आयडी आहे का भाऊ?) असं कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी विचारलं तर ते ओळखपत्राबद्दल नसतं. व्हॉट्सॲपवर नंबर मिळतो, त्याच्याकडून युजरनेम आणि पासवर्ड मिळतो, पैसे भरले की त्यात पॉइंट पडतात. ओळखीच्या माणसाला उधारीवरही पॉइंट मिळतात आणि हिशेब आठवड्याला होतो. खिशातली नोट संपली की उठायचं, हे आखाजीचं कुंपण इथे सगळ्यात आधी पडतं, कारण इथे आठवडाभर नोटच दिसत नाही.

या आयडी वाटणाऱ्यांची साखळी कशी असते, ते महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणातून बाहेर आलं. त्याचे सूत्रधार म्हणून ज्यांची नावं घेतली गेली, ते छत्तीसगडमधल्या भिलाईचे. भुसावळहून नागपूरमार्गे जाणारी हावडा गाडी धरली की सरळ तिथे पोचता येतं. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार सगळा कारभार दुबईतून चालत होता आणि इथे ‘पॅनल’ किंवा शाखा वाटल्या होत्या, ७०-३० च्या नफ्यावर. म्हणजे फ्रँचायझी. गावातला पॅनलवाला पोरं गोळा करणार, पैसे घेणार-देणार. सर्व्हर, भाव आणि मोठा वाटा वरच्यांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसह २२ ॲप आणि वेबसाइट बंद करायचे आदेश दिले. गावातला पैसा गावात फिरण्याचे दिवस संपले, ते असे.

एवढं पसरायला वाट कुणी दिली?

ऑनलाइन कॅसिनो मुळात १९९० च्या दशकातले. १९९४ मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा या बेटांच्या इवल्याशा देशाने असे परवाने देणारा कायदा केला आणि सर्व्हर एका देशात, खेळणारा दुसऱ्या देशात, हा प्रकार सुरू झाला. आजही ‘आमच्याकडे आंतरराष्ट्रीय लायसन आहे’ असं सांगणाऱ्या कितीतरी साइट कुरसाव वगैरे बेटांचा कागद दाखवतात. भारतात त्या कागदाला काडीचीही किंमत नाही.

आपल्याकडे पाणी चढलं ते २०१६ नंतर. त्याच वर्षी यूपीआय आलं आणि त्याच वर्षी जिओने डेटा कवडीमोल केला. त्याआधी साइट होत्या, पण पैसे भरायचे कसे हा अडथळा होता. यूपीआयने दहा रुपयेही, रात्री दोन वाजताही, शेतातल्या मचाणावर बसूनही भरता यायला लागले. लॉकडाउनने उरलेलं काम केलं.

ब्राझीलमध्ये हूबेहूब असंच घडलं. तिथे यूपीआयसारखी ‘पिक्स’ नावाची सोय आहे. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने २०२४ मध्ये सांगितलं की गरिबांसाठीच्या ‘बोल्सा फमीलिया’ योजनेतल्या सुमारे ५० लाख लाभार्थ्यांनी एका ऑगस्ट महिन्यात पिक्सवरून जवळपास ३०० कोटी रेआल (तिथलं चलन) बेटिंग कंपन्यांना पाठवले. थेट खात्यात येणारा सरकारी पैसा, झटपट पाठवायची सोय आणि हातात खेळ, या तीन गोष्टी एका घरात आल्या की काय होतं ते तिथे दिसलं. आपल्याकडेही या तिन्ही गोष्टी आहेत, एवढंच म्हणतो.

श्रीमंत देशांतही हेच वारं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरच्या सट्ट्याला अडवणारा केंद्राचा कायदा रद्द केला. २०२४ पर्यंत ३८ राज्यांनी तो कायदेशीर करून टाकला होता. ब्रिटनने उलटा अनुभव घेतला. आधी मोकळीक दिली, मग एकेक खिळा ठोकावा लागला: २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगाराला बंदी, २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर एका फेरीला जास्तीत जास्त पाच पौंड, आणि १८ ते २४ वयाच्यांना फक्त दोन. तिथे फेरीच्या रकमेवर टाच आणली, खेळणाऱ्याच्या नीतिमत्तेवर भाषण दिलं नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं.

कौशल्य की नशीब? हा वादच कायद्याने मोडीत काढला

आपल्याकडे जुगाराचे कायदे इंग्रजांच्या काळचे: देशाचा १८६७ चा आणि आपल्या राज्याला लागू असलेला १८८७ चा. दोन्ही अड्ड्यावर छापा घालायच्या हिशेबाने लिहिलेले. ज्या खेळात मुख्यतः कौशल्य लागतं तो जुगार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये म्हटलं आणि १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं. या एका वाक्यावर रमी, पोकर आणि फँटसी क्रिकेटचा अख्खा उद्योग उभा राहिला. तो एवढा मोठा झाला की २०२० च्या आयपीएलचं नाव ड्रीम११ ला मिळालं आणि २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर तेच नाव होतं.

आपल्या विधिमंडळाच्या २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडीओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. काही दिवसांत त्यांचं खातं बदललं. कृषी गेलं आणि क्रीडा आलं. असो.

सरकारने आधी कर लावून बघितला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी. शंभर भरले की त्यात सुमारे २२ रुपये कराचे. पण धंदा तगला. मग २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर होऊन २२ ला राष्ट्रपतींची सही, अशा तीन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि त्यांचे २०,००० कोटींहून जास्त रुपये जातात, असा सरकारचा अंदाज होता.

कायद्याचा गाभा असा: पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशाचे व्यवहार करून देणाराही अडकतो. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ चालू राहतील. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, ही गोष्ट घरात कुणी अडकलं असेल तर मनात पक्की ठेवावी. मदत मागायला जाताना ती कामाला येते.

ड्रीम११, एमपीएल वगैरे गेमिंग ॲपनी पैशाचे खेळ लगेच बंद केले. सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ छातीवर प्रायोजकाचं नाव नसलेली जर्सी घालून खेळला. काही कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

बंदीनंतरची पळवाट

ज्या कंपन्यांचं कार्यालय, पॅन नंबर आणि पत्ता भारतात होता त्या थांबल्या. ज्यांचं इथे काहीच नव्हतं, त्यांना थांबवायचं कुणी? एक वेबसाइट बंद केली की नावात एक अक्षर बदलून दुसरी उघडते. महादेवसारख्या आयडीच्या साखळ्या, रंगांची ॲप, टेलिग्रामवरच्या फाइली हे सगळं कायद्याआधीही बेकायदाच होतं. माझ्या मते बंदीने वरचा, दिसणारा थर गेला आणि खालचा उरला. बंदी चुकली असं यातून म्हणायचं नाही. पण बंदी आली म्हणजे पोरगं सुटलं, असं घरच्यांनी समजू नये.

नव्या वाटाही आहेत. एक म्हणजे ‘लाइव्ह कॅसिनो’: रीगा किंवा तिबिलिसीच्या स्टुडिओत खरी बाई खरे पत्ते वाटते आणि तुम्ही चोपड्यात बसून पैसे लावता. ‘हे तर डोळ्यासमोर आहे, यात लबाडी कशी?’ हा विश्वास तिथे विकला जातो. लबाडी नसली तरी कट असतोच. दुसरी वाट क्रिप्टोची, जिथे बँकेला पत्ताच लागत नाही. तिसरी ‘अंदाजाचा बाजार’. अमुक घडेल का? ‘हो’चा भाव सहा रुपये, ‘नाही’चा चार, खरं ठरलं त्याला दहा, मधले काही पैसे ॲपचे. प्रोबोसारखी ॲप हे करत होती. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने एप्रिल २०२५ मध्येच सांगून टाकलं होतं की हे आपल्या कक्षेत येत नाही आणि यात गुंतवणूकदाराला कसलंही संरक्षण नाही. अमेरिकेत काल्शी आणि पॉलीमार्केट हेच मोठ्या प्रमाणावर करतात आणि हा जुगार की वायदा, यावरून तिथल्या राज्यांचं आणि कंपन्यांचं जुंपलेलं आहे. कौशल्य की नशीब या आपल्या जुन्या वादाचा हा सख्खा भाऊ.

आणि ज्याला ‘सुटलो’ म्हणताना शेअर बाजारातल्या ऑप्शनकडे वळायचंय त्याने सेबीचाच आकडा बघावा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ किरकोळ माणसांना तोटा झाला.

भाड्याने दिलेलं खातं

बंदीनंतर या धंद्याला सगळ्यात जास्त गरज लागते ती खात्यांची. पैसे कुणाच्या तरी नावावर घ्यावे लागतात आणि ते नाव चालवणाऱ्याचं असून चालत नाही. म्हणून ‘किट’ विकत घेतात: पासबुक, एटीएम, चेकबुक आणि त्या खात्याला जोडलेलं सिम. बारावी होऊन घरी बसलेल्या पोराला सांगितलं जातं की तुझं खातं तसंही रिकामंच आहे, महिन्याला काही हजार घे, बाकी विचारू नको.

त्या खात्यातून सट्ट्याचे पैसे जातात, कधी कधी दुसऱ्या राज्यात कुणाला तरी गंडवून आणलेलेही. तिकडे तक्रार झाली की इथलं खातं होल्ड. पोलीस येतात ते खातेदाराकडे, कारण कागदावर तोच आहे. पीक विम्याचे, कापसाचे पैसे त्याच खात्यात येणार असतील तर तेही अडकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेला बेकायदा सट्टा-जुगारही येतो आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. खातं दिलं असेल तर बँकेत लेखी कळवून ते बंद करणं आणि सिम ब्लॉक करणं, हे आजच करायचं काम आहे.

हरलेले पैसे परत मिळवून देणारी कुठलीही हेल्पलाइन नाही. फसवणूक झाली असेल, म्हणजे विड्रॉल अडकवून “आधी टॅक्स भरा, मग सोडतो” म्हणत आणखी पैसे उकळले असतील, तर १९३० वर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. सुटत नसेल, झोप उडाली असेल, घरातलं माणूस गप्प गप्प झालं असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट, रात्रंदिवस चालू आणि मराठीत बोलणारा. बँकेच्या ॲपमधून यूपीआयची रोजची मर्यादा दोन-तीन हजारांवर आणून ठेवणं हा साधा उपायही बऱ्याचदा कामाला येतो. पडलेलं एक कुंपण त्याने तरी परत उभं राहतं.

आणि आयडीवर उधारी झाली असेल तर घाबरून शेत किंवा दागिने काढण्याआधी एक गोष्ट वकिलाला जरूर विचारा. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. वसुलीवाला नोटीस न पाठवता दारात येऊन बसतो, त्याचं कारण हेच. धमकी देऊन पैसे मागणं किंवा कोऱ्या स्टँपवर सही घेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. जाताना त्याचे मेसेज आणि कॉल रेकॉर्ड पुसू नका.